हळद लागलेली गाडी

माझी गाडी पाणी प्यायची, पण ते जायचं कुठे हे दिसायचं नाही. खाली थेंब नाही, पाइपाला ओल नाही. सौसरहून रेडिएटर भरून निघावं, तर पांढुर्णा येईपर्यंत काटा लाल खुणेला टेकलेला. अठरा वर्षं मी याच गाडीने या रस्त्यावरून शाळेत गेलो. निवृत्तीच्या दिवशी तिच्याच टपावर फुलं टाकून मला घरी पोचवलं. त्या दिवशीच्या भाषणांतला गृहस्थ इतका थोर होता की त्याला एकदा भेटावं असं मला वाटून गेलं. गाडीबद्दल कुणी काही बोललं नाही. तिची अब्रू शाबूत राहिली.

मिस्त्रीचं गॅरेज पांढुर्ण्यात. गाव जिल्ह्याचं झाल्यापासून चौकातल्या फलकांवरचे चेहरे मोठे झाले, गॅरेज होतं तेवढंच आहे. गाडी थंड झाल्यावर मिस्त्रीने रेडिएटरचं झाकण काढलं आणि मला इंजिन सुरू करायला सांगितलं. पाण्यात बुडबुडे येऊ लागले, भाताच्या आधणाला येतात तसे. मग त्याने तेलाचं झाकण उलटं करून दाखवलं. आत सायीसारखा पांढरट थर.

"हेड गॅस्केट गेली, गुरुजी. हेड आन् ब्लॉकच्या मधात पातळ पान राह्यते ना, ते जळलं. पाणी इंजिनात जाऊन राहिलं."

"मग?"

"हेड खोला लागते. नागपूरले मशीनवर घासून आना लागते. पन ठेवाची हाये का गाडी?"

"नाही. विकायची आहे."

"मंग कायले खोलता? हळद टाकून देतो."

रेडिएटर गळू लागला की हळद टाकायची, ही आमच्याकडची जुनी युक्ती. ती फुगून भेगेत बसते. गॅस्केटला किती धरते हे मिस्त्रीलाही ठाऊक नव्हतं. "दोन महिने, नाई तं दोन दिवस," तो म्हणाला. दोन मुठी आत गेल्या. पिवळे हात पुसत तो हसला. "घ्या, हळद लागली पोरीले. आता सासरी धाडा. चूप राहाचं फक्त."

गाडी घ्यायला आला तो रामाकोन्याचा माझा जुना विद्यार्थी. त्याची थोडी संत्र्याची बाग आहे. बायकोला कॅन्सर, दर तीन आठवड्यांनी तिला नागपूरला नेऊन सलाईनमधून औषध द्यावं लागे. येताना बसमध्ये ती सगळ्यांसमोर तोंडाशी प्लास्टिकची पिशवी धरून बसायची. तिला निदान काच खाली करता यावी, वाटेल तिथे थांबता यावं, एवढ्यासाठी त्याला गाडी हवी होती. हे सगळं त्याने मला आधीच सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्याने बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या तोंडाशी पिवळं लागलेलं होतं.

"गुरुजी, तुमी बी गाडीची पूजा केली का जी?"

मी आयुष्यात गाडीला लिंबू-मिरची बांधली नाही. नवी गाडी घेताना दुकानदाराने फोडायला दिलेल्या नारळाची आम्ही घरी चटणी केली, हे अर्ध्या सौसरला माहीत आहे. मी नुसता हसलो.

"बरं केलं जी," तो म्हणाला. "माह्या बायकोसाठी चांगलंच झालं." त्याने बॉनेटला हात लावून कपाळाला लावला आणि गाडी घेऊन गेला.

रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथं शील मी नुसते ओठ हलवून म्हटलं. खोटं बोलणार नाही, असं ते शील. मी कुठे काही बोललो होतो? असा युक्तिवाद वर्गात एखाद्या पोराने केला असता, तर मी त्याला तास संपेपर्यंत उभा ठेवला असता. मंगळवारी ते दोघं नागपूरला जाणार होते. सोमवारी सकाळी मी बसने रामाकोन्याला गेलो.

गाडी अंगणात होती. तिला हार घातला होता. मागच्या सीटवर उशी आणि एक लहान टब आधीच ठेवलेला. बायको डोक्याला रुमाल बांधून खाटेवर बसली होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. ती हळद पूजेची नाही. गाडी उद्या रस्त्यात बंद पडू शकते. तिची दुरुस्ती आता माझ्याकडे.

त्याने बॉनेट उघडून ते पिवळं पुन्हा पाहिलं. "तवाच सांगाचं होतं ना, गुरुजी."

"हो."

आत जाऊन पाणी आणावं की नाही, हे त्याला ठरवता येईना. बायकोच बोलली.

"मले बी साऱ्याहीनं हळदच लावून ठेवली हाये. जो येते तो म्हनते, तोंडावर तेज आलं. तुमी एकटे खरं सांगाले आले." तिने उशीखालून फाइल काढली. "हे इंग्रजीत हाये. वाचून सांगा."

नवरा माझ्याकडे पाहत होता. त्या नजरेत मिस्त्रीचंच वाक्य होतं, चूप राहाचं; फक्त हसू नव्हतं.

मी फाइल उघडली नाही. म्हणालो, "उद्या मी सोबत येतो. मी डॉक्टर नाही, अर्धवट काहीतरी सांगेन. ते जे म्हणतील ते तुला आपल्या भाषेत जसंच्या तसं सांगतो. कमी नाही, जास्त नाही."

"पाहा बरं," ती म्हणाली.

गाडी मिस्त्रीकडे गेली. मंगळवारी आम्ही भाड्याच्या गाडीने नागपूरला गेलो. डॉक्टर इंग्रजी-हिंदीत बोलले. औषध पूर्वीसारखं लागू पडत नव्हतं. ते आणखी थोडे दिवस देऊन पाहणार होते. त्यानंतर देण्यासारखं फारसं काही नव्हतं. बाहेरच्या बाकावर बसून मी तिला तेवढंच सांगितलं. नवरा भिंतीवरच्या पाटीकडे पाहत होता. पाटीवर उद्घाटन करणाऱ्याचं नाव सगळ्यांत मोठ्या अक्षरांत होतं.

तिने पदराच्या टोकाची गाठ सोडली, परत बांधली.

"आपली गाडी कवा होते, गुरुजी?"

हेड मशीनवर गेलं होतं. मिस्त्रीने एक हप्ता, म्हणजे आठवडा, सांगितला होता, आणि मिस्त्रीचा हप्ता मला अठरा वर्षं माहीत होता. एक हप्ता, असं तोंडात आलं होतं.

"दोन हप्ते लागतील," मी म्हणालो.

तिने बोटांवर मोजलं. "मंग पुढच्या खेपेले होते," ती म्हणाली.