गाओंच्या नंबरवरून आलेला मराठी फोन

पस्तीस वर्षं मी पुण्यात टेलिफोन खात्यात काढली. त्या काळात "आमच्याकडे मेलेल्या माणसाचा फोन येतो" अशी तक्रार घेऊन लोक खरोखर यायचे, आणि ती निस्तरायला साहेब मला पाठवायचे. कुठे क्रॉस कनेक्शन निघायचं, कुठे केबलमध्ये पाणी शिरलेलं असायचं, आणि एका घरी तर सूनच आतल्या खोलीतल्या एक्स्टेन्शनवरून सासूला घाबरवत होती! त्यामुळे तुमच्यासारख्या सदरांतले गूढ अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचले आणि सोडून दिले. आज स्वतः लिहायला बसलोय. घाबरलो वगैरे नव्हतो. लाज मात्र वाटली, आणि ती अजून जात नाही.

आमची ही गेल्यावर, वर्षश्राद्ध झालं की लगेच, २०१५ मध्ये माझी मुलगी मानसी मला आयर्लंडला घेऊन आली. डब्लिनच्या पश्चिमेला ल्यूकन म्हणून भाग आहे, तिथे तिचं घर. तिचं ऑफिस पार चेरीवूडला, जावई त्याच्याही पुढे. सकाळी साडेसातला दोघं गाडीत बसली की संध्याकाळी सहापर्यंत मी आणि फ्रिजचा आवाज. बाहेर पडावं तर सगळी घरं एकसारखी. पहिल्या महिन्यात मी दोनदा शेजाऱ्यांच्या दाराला किल्ली लावून पाहिली.

अशाच एका मंगळवारी पावसाची सर आली म्हणून मी चर्चच्या हॉलच्या आडोशाला थांबलो. दारावर एक कागद चिकटवलेला, सगळा चिनी अक्षरांत, खाली फक्त एक ओळ इंग्रजीत — चहा आहे, सर्वांचं स्वागत. आत वीस-बावीस म्हातारे-म्हाताऱ्या होत्या. सगळी चिनी, माझ्यासारखीच मुलांकडे येऊन राहिलेली. मेई नावाची एक तरुण बाई हा म्हाताऱ्यांचा क्लब चालवायची. तिने माझ्याकडून फॉर्म भरून घेतला, अडीअडचणीला म्हणून मानसीचा नंबर लिहून घेतला आणि मला तिच्या सासऱ्यांच्या शेजारी बसवलं. तेच हे गाओ.

तेव्हापासून दर मंगळवारी आणि गुरुवारी मी तिथे. सकाळी टेपवर संथ संगीत लावून व्यायाम, मग थर्मासमधलं नुसतं गरम पाणी, सूर्यफुलाच्या बिया, आणि टेबलावर त्यांच्या त्या सोंगट्यांच्या खेळाचा खडखडाट. हॉलमागे लाकडी पेट्यांत ते भाजी लावायचे. गाओंनी त्यांच्या पेटीतला अर्धा भाग मला दिला, त्यात मी मेथी आणि कोथिंबीर लावली. गुरुवारी सगळे मिळून सारण भरलेल्या वाफेच्या करंज्या करायचे. माझ्यासाठी गाओ कोबीच्या वेगळ्या करत, आणि मांसाच्यात मिसळू नयेत म्हणून माझ्या करंज्यांना टोकाला एक जादा चिमटा काढत. दोन वर्षांत एकदाही चूक झाली नाही.

गाओ माझ्याहून सात वर्षांनी मोठे. चीनमध्ये रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. इंग्रजी येत होतं ते इतकंच — गुड, थँक यू, रेन. मला चिनी शून्य. मग मी त्यांच्याशी सरळ मराठीत बोलायचो आणि ते मान डोलवायचे. सुरुवातीला मनातलं बोलायचो. हिच्या आजारपणाचं, मानसीच्या घरी किती जपून राहावं लागतं त्याचं. पण हळूहळू...

आता खरं ते लिहितो. हळूहळू मी त्यांची टिंगल करायला लागलो. चेहरा हसरा ठेवायचा, आवाज गोड ठेवायचा आणि वाट्टेल ते बोलायचं. "काय गुळाचे गणपती, आज कुठला प्राणी शिजवलात?" "दोन वर्षं झाली, एक शब्द शिकला नाहीत, डोकं आहे का खोकं?" (मी तरी कुठे एक शब्द शिकलो होतो!) ते हसून मान डोलवायचे. मी हसतो म्हणून बाकीचेही हसायचे. त्या हॉलमध्ये मला कुणी जपून बोला म्हणणारं नव्हतं, आणि त्याची मला चटक लागली होती. "गुळाचा गणपती" हे नाव मी घरी कधी काढलं नाही. मानसीला ते मुळीच आवडलं नसतं. ते फक्त त्यांच्या तोंडावर आणि फक्त मराठीत.

२०१७ चा गणपती. इथल्या आपल्या मराठी मंडळाने एका शाळेचा हॉल घेतला होता. त्याच्या आधीच्या आठवड्यात मी गाओंना फोनवर मूर्तीचे फोटो दाखवले होते आणि पुणेरी पद्धतीने "या हं तुम्हीपण" असं मेईकरवी सांगूनही टाकलं होतं. येतील असं मनातही नव्हतं.

शनिवारी आरतीच्या आधी आम्ही सात-आठ जण घोळका करून उभे होतो. कुणीतरी विचारलं, "काका, तुमचे चिनी मित्र काय म्हणतात?" झालं. मी गाओंची चाल करून दाखवायला लागलो. पाय फाकवून, मान पुढे काढून, डोळे बारीक करून. सगळे खो खो हसत होते. आणि तेवढ्यात दारातून एक मुलगा हाक मारतो — "काका, हे आजोबा तुमच्याकडे बोट दाखवतायत. ओळखीचे आहेत का?"

दारात गाओ. कोट घातलेला, हातात मोठा डबा. कुणी न सांगता त्यांनी बूट काढून कडेला ठेवले होते आणि ते मोज्यांवर उभे होते. घोळक्यातला एकजण हळूच म्हणाला, "डब्यात काय आणलंय देव जाणे. मांसबिंस असायचं, नैवेद्य इथेच मांडलाय हो."

मी म्हणालो, "नाही बुवा. कुणीतरी चुकून आलेलं दिसतंय."

मराठीत म्हणालो. मोठ्याने. त्यांच्याकडे बघून.

गाओंनी मान डोलावली, नेहमीसारखी. खाली बसून बूट घातले, नाड्या बांधायला त्यांना बराच वेळ लागला. आणि डबा घेऊन गेले. मी आरतीला उभा राहिलो, पण टाळ्या चुकत होत्या.

पुढच्या मंगळवारी मी क्लबला गेलो नाही. गुरुवारीही नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारी हॉलवरून जायला नको म्हणून उलट्या बाजूने निघालो आणि कालव्याच्या कडेने चालत राहिलो. घराबाहेर पडायची घाई होती. मधुमेहाची गोळी घेतली होती, नाश्ता राहिला होता, आणि फोन किचनमध्ये चार्जिंगला. सकाळचे साडेदहा झाले असतील. पाणी अडवायची मोठी लाकडी दारं असतात, त्याला इथे लॉक म्हणतात. लॉकच्या पुढे गेल्यावर हातपाय कापायला लागले. घामाने शर्ट भिजला. दुसऱ्या बाकावर कसाबसा बसलो. हाक मारायला चिटपाखरू नव्हतं. मग जीभ जड झाली... पुढचं मला आठवत नाही.

डोळे उघडले ते अँब्युलन्समध्ये. तिथला माणूस म्हणत होता, "यू आर ग्रँड नाऊ, यू आर ग्रँड," म्हणजे आता ठीक आहात. हॉस्पिटलात मानसी आली तेव्हा दुपार झाली होती. आधी रडली, मग रागावली आणि मग म्हणाली, "बाबा, ते काका कोण होते हो? त्यांचे किती आभार मानू!"

"कोण काका?"

"फोन केला ते. मी मीटिंगमध्ये होते. म्हणाले, 'मानसी, तुझे बाबा कालव्यावर बसलेत. लॉकच्या पुढे दुसरा बाक. साखर उतरलीय. आधी अँब्युलन्स पाठव, मग तू ये.' इतक्या शांतपणे! मी विचारलं, आपण कोण? तर हसल्यासारखे झाले आणि म्हणाले, 'मी गुळाचा गणपती.' गंमत करायची ही वेळ होती का? मंडळातलेच असणार कुणीतरी."

माझ्या हाताला सलाईन लावलेलं होतं. तरी मी उठून बसलो.

"मराठी कसं होतं त्यांचं?"

"कसं म्हणजे? आपल्यासारखं. खरं तर अगदी तुमच्यासारखं बोलत होते, बाबा. तेच हेल."

दुसऱ्या दिवशी मानसीने आभार मानायला तो नंबर लावला. पलीकडे कुणी बाई होती, मानसीने नाव सांगताच ती माझी चौकशी करायला लागली म्हणून तिने फोन माझ्याकडे दिला. मेई होती. "हा माझ्या सासऱ्यांचा फोन," ती म्हणाली. "तुम्हाला कळलं का त्यांचं?"

मला काहीच कळलं नव्हतं. तिने सांगितलं ते असं. मागच्या गुरुवारी, म्हणजे मी ज्या दिवशी दुसऱ्यांदा दांडी मारली त्या दिवशी, क्लबात करंज्या करता करता गाओंचा उजवा हात खाली पडला. स्ट्रोक. जिवावरचं टळलं, पण वाचा पूर्ण गेली. चिनीतसुद्धा एक शब्द फुटत नव्हता. तेव्हापासून ते हॉस्पिटलात, आणि हा फोन घरी प्रेसमध्ये, म्हणजे किचनच्या कपाटात, बंद पडलेला. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी घरच्यांचे फोटो मागितले म्हणून मेईने तो तासाभरापूर्वीच चार्ज करून चालू केला होता.

"काल साडेदहा-अकराला यावरून कुणी फोन केला का?"

"काल? काल हा बंद होता."

मी तिला यादी बघायला लावली. काल त्या फोनवरून एकही कॉल गेलेला नव्हता. मानसीच्या फोनवर मात्र तो नंबर, दहा पंचेचाळीस, एक मिनिट बारा सेकंद... तिथे होता. मी स्वतः पाहिला.

धंद्याच्या सवयीने सगळं तपासलं. दुसऱ्याचा नंबर दाखवून फोन करता येतो, मला माहीत आहे. मानसीचा नंबर क्लबच्या फॉर्मवर होता, तेही मान्य. पण मी त्या बाकावर आहे हे कुणाला दिसलं? आणि दिसलं असेल, तर त्या हॉलमध्ये मराठी कुणाला येत होतं? आणि ते नाव तर मी फक्त गाओंच्या तोंडावरच घेत होतो.

मी पार कोलमडलो तो या विचाराने. माझं मराठी त्यांना कळत होतं का? पहिल्या दिवसापासून? की कळता कळता कळायला लागलं होतं, माझ्याच तोंडून ऐकून? दोन वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून जे जे बोललो ते एकेक आठवायला लागलं. दोन रात्री डोळा लागला नाही. आणि त्या शनिवारी शाळेच्या हॉलच्या दारात... ते वाक्य तर मी अगदी स्पष्ट बोललो होतो.

बरा झाल्यावर मी त्यांना भेटायला गेलो. उशांना टेकवून बसवलेलं होतं, तोंड एका बाजूला उतरलेलं. मेई म्हणाली, "तुमचा तो उत्सव चांगला झाला ना? बाबा सांगत होते, खूप गर्दी होती, तुम्ही पाहुण्यांमध्ये गुंतला होतात, म्हणून त्यांनी त्रास दिला नाही. डबा परत आणला. तुमच्या फोटोतल्या देवाच्या ताटातलं पाहून त्यांनी तसंच काहीतरी केलं होतं. लाल घेवड्याचं गोड पुरण. मला बजावलं होतं, अंडं नको, कांदासुद्धा नको."

एवढं बोलून ती कॉफी आणायला गेली. खोलीत आम्ही दोघंच. आजवर त्यांच्यासमोर माझी जीभ सैल सुटलेली असायची, त्या दिवशी टाळ्याला चिकटली. शेवटी कसंबसं म्हणालो, "गाओ, मी तुम्हाला ओळखत नाही असं म्हणालो. तुम्हाला पाहून म्हणालो. माझं चुकलं. त्याच्या आधीही पुष्कळदा चुकलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. तीच मान, दोन वर्षं पाहत होतो ती. कळलं म्हणून डोलावली की नेहमीच्या सवयीने, मला सांगता येत नाही. मी फोनचं विचारलं, "तुम्हीच केला होता का?" तेव्हाही तशीच डोलावली. मग "तुम्ही केला नव्हता ना?" असं विचारून पाहिलं. तेव्हाही.

२०१८ च्या वसंतात त्यांना चीनला परत नेलं. तोपर्यंत मी एक दिवसाआड जात होतो. मेईकडून दहा-बारा चिनी शब्द शिकलो, त्यांच्यासमोर बसून ते घोकायचो. माझे उच्चार ऐकून त्यांना हसू यायचं, अर्ध्या ओठाने हसायचे. त्यांची वाचा काही परत आली नाही. त्यांचा काळ झाल्याचं मेईने पुढच्या वर्षी कळवलं.

माझ्याकडे याचं उत्तर नाही. टेलिफोन खात्यातल्या जुन्या सहकाऱ्यांना विचारलं, त्यांच्याकडेही नाही. मानसी अजूनही धरून बसलीय की मंडळातल्याच कुण्या काकांनी दुसऱ्याचा नंबर दाखवून गंमत केली. इतकी वर्षं मी तिचा तो समज तसाच राहू दिला, कारण तो खोडायचा तर ते नाव मी कुणाला दिलं होतं आणि का, हे आधी सांगावं लागलं असतं.

हे लिहून झालं की तुमच्याकडे पाठवायच्या आधी तिला वाचायला देणार आहे. ती आता खाली भांडी लावतेय. हाक मारतो.