'माल्के'वरचा लेख

लंडनमधल्या हाउन्सलोच्या आमच्या मराठी मंडळात अभिमान फुकट मिळतो, म्हणून लोक तो पोटभर खातात. मला त्याची किळस येते. २००६च्या दिवाळी अंकापासून जरा जास्तच.

पद्माकरकाका विमानतळाच्या कार्गो शेडमध्ये लोडर होते. एका डॅनिश सहकाऱ्याकडून जेवणाच्या सुट्टीत ते डॅनिश शिकले आणि 'माल्के' या क्रियापदापाशी अडले. माल्के म्हणजे धार काढणं. एखाद्याला पैशासाठी पिळणं, हाही अर्थ. सहा वर्षं लायब्ररीत बसून त्यांनी शोधलं, की स्वीडिश म्योल्का, इंग्लिश मिल्क ही सगळी एकाच मुळाची भावंडं, आणि त्या मुळाचा जुना अर्थ बहुधा हात फिरवणं, पुसणं. काकांना ते लगेच पटलं. लहानपणी वाळव्याला त्यांनी धारा काढल्या होत्या. कासेवरून हात फिरवल्याशिवाय म्हैस पान्हा सोडत नाही. संस्कृतातलं 'मार्जन' कदाचित त्याच घरातलं, पण बहीण, आई नव्हे, असं त्यांनी लिहिलं. आयुष्यातला पहिला लेख. छापून आला की तो त्या डॅनिश मित्राला समजावून सांगायचा, एवढीच त्यांची हौस होती.

अध्यक्ष गिरीश देवधरांना बहीण चालेना. अंकाचं टाइपिंग आम्ही तिघी वाटून करायचो. काकांचा लेख माझ्याकडे होता. देवधरांचा मला फोन आला. "संस्कृत इज द मदर, असं टाक. कोण चेक करतंय?"

मी वाक्य बदललं.

प्रकाशनाला देवधरांनी नेमकं तेच वाक्य मोठ्याने वाचलं. टाळ्या थांबेनात. काकांना शाल-श्रीफळ दिलं. त्यांनी शालीची घडी करून ती टेबलावर ठेवली आणि माइकवर शांतपणे सांगितलं, की हे वाक्य त्यांचं नाही आणि ते खोटं आहे. दोनशे माणसांत एकानेही काही विचारलं नाही. काका फार मॉडेस्ट आहेत, असं देवधर हसत म्हणाले, आणि श्रीखंड संपायच्या आत सगळे रांगेत उभे राहिले. ताट मीही घेतलं.

निघताना काकांनी मला दाराशी गाठलं. ते वाक्य कुणी घातलं, एवढंच त्यांना हवं होतं.

"देवधरांनी," मी म्हणाले.

"वाटलंच. लेख तुझ्याकडे टाइपिंगला आला असता, सुमेधा, तर तू आधी मला विचारलं असतंस."

मी हो म्हणाले.