कागद दोन कोपऱ्यांत पुरला नाही

चार माणसं कागदाचं टोक धरून अडलेला बैल ओढावा तशी ओढत होती आणि कागद कोपऱ्यापासून हातभर लांबच राहत होता. समोरच्या कोपऱ्यातही तेच. उरलेल्या दोन कोपऱ्यांत मात्र एवढ्या चुण्या पडल्या होत्या, की अख्ख्या तलवाड्याला त्यातून लुगडी निघाली असती.

कागद म्हणजे शेततळ्यात अंथरतात ते जाड प्लास्टिक. दिलेल्या मापानं ते फॅक्टरीतूनच जोडून येतं. दुष्काळी साल होतं. कॅनॉलला एकदाच पाणी सुटणार होतं, ते साठवायला आमच्या फळबाग सोसायटीनं हे तळं खोदलं. मी सोसायटीचा सुपरवायझर. माझं माप जुळलं नाही तर लोक टेप बदलतात, अशी माझी ख्याती होती. पसरवली मीच होती.

जागा शांताबाईंची. जागेच्या बदल्यात उन्हाळ्यातलं पहिलं पाणी त्यांच्या मोसंबीला, असं ठरलेलं. दोनशे झाडं, सात उन्हाळे त्यांनी घागरीनं जगवलेली.

"कागदवाल्यानं फसवलं का साहेब?" चेअरमननं विचारलं.

मला तेच हवं होतं. बघतो म्हणालो. चेअरमन चहाला गेल्यावर जेसीबीच्या ऑपरेटरला टेपचं दुसरं टोक दिलं आणि तळ्याच्या बाजू पुन्हा मोजल्या. चाळीस मीटर, तीस, चाळीस, तीस. चारही बाजू चोख. मोजायचे राहिले होते ते कर्ण. कर्ण म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरपं अंतर.

समोरासमोरच्या बाजू सारख्या आल्या म्हणजे आयत झाला, असं नसतं. ढिल्या बाजेला एका कोपऱ्यातून रेटा दिला की ती तिरकी होते. बाजू तेवढ्याच राहतात. एक कर्ण वाढतो, दुसरा घटतो. आयतात दोन्ही सारखे लागतात, इथं पन्नास-पन्नास. आले बावन्न आणि जेमतेम अठ्ठेचाळीस. कागद आयत, तळं तिरकं.

"कावून झालं बे असं?" मी ऑपरेटरला विचारलं.

"एक बाजू बांधाला धरून, दुसरी पाणंदीला धरून. तुमीच सांगितलं व्हतं," तो म्हणाला.

खरं होतं. आमच्याकडं विहिरीपासून गोठ्यापर्यंत सगळं बांधाला धरूनच आखतात. बांध आणि पाणंदीची गाडीवाट काटकोनात आहेत का, हे कुणी बघत नाही. मीही लिंबाखाली बसून चार बाजू लिहून घेतल्या होत्या आणि खाली सही ठोकली होती.

दुरुस्ती होती. कागद काढून कोपरे नव्यानं कापायचे, भराव दाबायचा. आठ दिवसांचं काम. पाणी चौथ्या दिवशी येणार. दुसरी वाट म्हणजे तळं अर्धंच भरायचं, ताणलेला भाग कोरडा ठेवायचा. पण अर्धं का, ते सांगावं लागलं असतं.

"गप ऱ्हावा साहेब," ऑपरेटर हळूच म्हणाला. "दोघंबी कामावरनं जाऊत."

माणसांनी कागद ताणून ताणून काठावरच्या चरात गाडला. पाणी आलं त्या सकाळी चेअरमननं विचारलं, "गच्च भरू ना?" शांताबाई शेजारी उभ्या होत्या. त्या तळ्याकडं बघत नव्हत्या, माझ्याकडं बघत होत्या.

मी म्हणालो, "भरा."

तळं काठोकाठ भरलं. समुद्र बघायला यावं तसे चकलांब्यापासून लोक आले, आणि मीही छाती काढून फिरलो. तिसऱ्या दिवशी दुपारी पाण्याची रेघ वीतभर खाली दिसली. बावन्नवाल्या एका कोपऱ्यात जोड उसवत तळापर्यंत गेला होता. दिवस मावळेपर्यंत तळाशी नुसता चिखल उरला. त्या मातीनं पाणी असं प्यायलं, की वर ढेकरही दिला नाही.

शांताबाई काठावर बसून होत्या.

"मापलं व्हतं ना साहेब तुमी?"

"मापलं होतं मावशी. कागदच कच्चा निघाला."

"मंग तुमचा काय दोष," त्या म्हणाल्या, आणि मला बसायला बाजूला सरकल्या.

जूनपर्यंत झाडं वाळली. त्यांनी ती स्वतःच तोडली. सोसायटीच्या रिपोर्टात कागद निकृष्ट असल्याचं लिहिलंय. अक्षर माझंच आहे.

नवीन पोरांना मी एवढंच सांगतो: चौकोनाचे दोन्ही कर्ण सही करायच्या आधी मोजा. नंतरही ते बरोबरच मोजता येतात, पण आकडा सांगायला जीभ रेटत नाही.