मालखानेकाकांचा मेमो

मालखानेकाका माणसाच्या तोंडाआधी त्याच्या हातातली पिशवी बघत. पिशवी प्लास्टिकची दिसली की कपाळाला आठी पडलीच. माझ्या लग्नात कोणीतरी चकचकीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली साडी आणली, तर आहेर राहिला बाजूला, काका म्हणाले, "कपड्याले श्वास त घेऊ द्या न बाप्पा!" खटल्यातल्या जप्त वस्तू जिथे ठेवतात, त्या कोर्टाच्या मालखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांचं खरं नाव मला पुढे एका साक्षीच्या समन्सवर पहिल्यांदा दिसलं.

त्यांचे वडील पुलगावला कापसाच्या गोदामात होते. घरातली शिकवण एकच, ओल ही कापसाची वैरीण. काका चाकू, लाठ्या, रक्ताचे शर्ट सगळं त्याच शिकवणीनं सांभाळत. कपडा आधी सावलीत वाळवायचा, मग खाकी कागदात बांधायचा. तेव्हा मी नवी वकील होते, आणि आम्ही सगळे या सोपस्काराला मनसोक्त हसत असू.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे काही जाळायचं नाही. मालखाना रिकामा करायची टूम अधूनमधून निघायची. साहेब म्हणायचे, जुनं नष्ट करा. काका यादी घेऊन उभे राहत आणि दर वेळी तेच सांगत, "अपिलाचा निकाल दाखवा, मंग जाळतो." साहेब बदलले, काकांचं वाक्य बदललं नाही. असा हेकट माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ते निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी विधी सेवेतर्फे देवीदासचं काम माझ्याकडे आलं. देवीदास आंजीजवळच्या एका शेतावर सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी होता. मालकाचा दुपट्ट्यानं गळा आवळून खून झाला. दुपट्ट्यावर रक्ताचे डाग होते; मालकाच्या अंगावर जखम नव्हती, म्हणजे रक्त मारेकऱ्याचं. देवीदासच्या मनगटाला विळा लागलेला आणि रक्तगट जुळलेला. डीएनए तपासणी कोणी केलीच नाही. जन्मठेप झाली. अपील उच्च न्यायालयात पडून राहिलं आणि आत त्याची चौदा वर्षं गेली. त्याची बहीण गंगूबाई मला म्हणाली, "वकीलबाई, रक्तगट त माह्याबी तोच हाय. मले काऊन नाई धरलं?" त्याच आठवड्यात मी डीएनए तपासणीसाठी अर्ज केला.

न्यायालयानं तपासणीची परवानगी दिली, पण दुपट्टा उरला होता का? मी पिपरी मेघेला काकांच्या घरी गेले. ते अंगणात तूर वाळत घालत होते. मी दुपट्ट्याचं विचारताच मान वर न करता म्हणाले, "तिसरी मांडणी, खालून दुसरा खण. खाकी कागदात हाय." आणि होता की तिथेच!

पण त्यावरचं सील नोंदीतल्या सीलपेक्षा वेगळं निघालं. निकालानंतर दुपट्टा मालखान्यात आला तो प्लास्टिकच्या पिशवीत. चार दिवसांत पिशवीला आतून घाम फुटला. साहेब रजेवर होते. काकांनी दोन पंच बोलावून सील फोडलं, दुपट्टा वाळवला, पुन्हा बांधून लाखेचं सील लावलं. परवानगीशिवाय सील फोडलं म्हणून त्यांना मेमो मिळाला, बढती हुकली. घरी त्यांनी कोणाला सांगितलंही नव्हतं.

आता त्याच सीलवर सरकारी वकिलांनी बोट ठेवलं. दुपट्ट्याला कोणी हात लावला नाही कशावरून? साक्षीला काका धुतलेला सदरा घालून आले. वकिलांनी विचारलं, "तुम्ही नियम मोडलात ना?" "मोडला." "का?" "ओला कापूस गठानीत बांधला त सडते, साहेब. सडला असता त आज तुम्ही मले काय इचारलं असतं?" आणि त्यांनी पिशवीतून, अर्थात कापडी पिशवीतून, तो मेमो काढला. मागे पंचनामा जोडलेला होता. तारीख, वेळ, जुन्या सीलचा ठसा, पंचांच्या सह्या, सगळं जिथल्या तिथे. ज्या कागदानं त्यांची बढती खाल्ली, तोच कागद दुपट्ट्याची हमी देत होता. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. डाग शाबूत होते. रक्त एका पुरुषाचं होतं, आणि तो पुरुष देवीदास नव्हता. बाकीचा पुरावा आधीच लंगडा होता. उच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. गंगूबाई तुरुंगाच्या फाटकापाशी इतक्या मोठ्यांदा रडली की पहारेकरीही डोळे पुसू लागला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निकालाची प्रत घेऊन काकांकडे गेलो. देवीदास पाया पडायला वाकला, तसं काकांनी त्याचं मनगट धरलं आणि विळ्याच्या जुन्या व्रणावरून अंगठा फिरवला. त्यांचे डोळे भरून आले. मग चष्मा पुसून त्यांनी निकाल शेवटच्या पानापर्यंत वाचला. आम्ही ताटकळत उभे होतो.

"काका, दाखवला निकाल. आता तरी जाळायचा ना दुपट्टा?" मी विचारलं.

"सरकारच्या अपिलाची मुदत हाय अजून," काका म्हणाले. "ते सरू द्या. तोवर राहू द्या तिथंच."

मी कपाळाला हात लावला. देवीदास मात्र हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"चौदा वर्सं थांबलो काका," तो म्हणाला, "आनखी थांबतो. पन आता घरी थांबतो."