योगिताच्या वादळाच्या सगळ्या रेघा

परवाच्या सेमिनारमध्ये आपली लेक योगिता तिच्या मार्गदर्शक सरांना चारचौघांत उलट बोलेल आणि इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाईल, ही धास्ती मालतीबाईंच्या मनातून काही केल्या जाईना.

कतारगामच्या खोलीत, लूमच्या खटखटाटात अभ्यास करून पोरगी पुण्याला गेली आणि तिथे वादळांवर संशोधन करू लागली. होऊन गेलेलं वादळ संगणकात पुन्हा उभं करायचं आणि ते कुठे जातं त्याची रेघ नकाशावर काढायची, हे तिचं काम. गेल्या जूनमध्ये कांडल्याकडे गेलेलं वादळ तिने असंच उभं केलं. ढगांतला पाऊस मोजायची रीत बदलली, की तेच वादळ घराजवळच्या हजीऱ्याकडे वळे. नकाशावरच्या चौकटी मोठ्या केल्या, की त्याचा जोरच ओसरे. सर म्हणाले, "कांडल्याला जाणारी रेघ तेवढी दाखव."

"मी सगळ्या दाखवणार," योगिता गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाली. "सेटिंग बदललं की वादळ बदलतं, हाच तर माझा विषय आहे, आई!"

राघोंनी बायकोच्या हातून रिसीव्हर घेतला. "सर सांगस तसं कर ना, माय. तुनं काय जास?"

"आबा, वादळ कुठे सरांना विचारून वळतं?"

मालतीबाईंनी तेव्हा नवऱ्याचीच री ओढली होती.

आज शेजारचा किसन काठी टेकत चहाला आला. जूनमध्ये तो हजीऱ्याला टाकी रंगवत होता. वादळ कांडल्याकडे चाललंय म्हटल्यावर मुकादमाने काम चालूच ठेवलं, परांचीचे दोरही आवळले नाहीत. वारा मात्र तिथेही सुटला आणि परांची कोसळली.

"वहिनी, वादळ गयं कांडलाले, नि मी उनू खाले!" किसन स्वतःच हसला.

मालतीबाईंना हसू आलं नाही. मुकादमालाही एकच रेघ दिसली होती. हजीऱ्याकडे वळणारी रेघ कुणी दाखवली असती, तर त्याने निदान दोर तरी आवळले असते.

त्यांनी पदर खोचला, चपला घातल्या.

"कोठे चालनी?" राघोंनी विचारलं.

"एसटीडी बूथवर. चहा तुम्ही गाळा. योगिताला सांगते, एकही रेघ खोडू नकोस."

"नि सर चिडनात तर?"

"चिडू देत. डिग्री वर्षभर लांबली तरी चालेल," मालतीबाई म्हणाल्या आणि फोन करायला निघाल्या.