आईच्या नावाची पाटी

मिस्त्री चिडला की हातातली पटाशी टेबलात खच्चकन रोवायचा आणि म्हणायचा, "मी बापाला फोडलंय. तू कोण लागून गेलास?" वापीजवळ राखोलीच्या आमच्या फाउंड्रीत नवा माणूस आला की त्याला वाटायचं, हा खून करून आलाय. आम्हीही तसंच वाटू द्यायचो. त्यामुळे पॅटर्न शॉपमध्ये जरा शांतता राहायची.

तो ओतकामासाठी लाकडाचे नमुने करणारा मिस्त्री. कोलकात्यात जन्मलेला, तिसऱ्या पिढीतला चिनी आणि पक्का ख्रिस्ती. बोलायचा हिंदीमिश्रित मराठी, शिव्या मात्र अस्सल खानदेशी. त्या मी शिकवलेल्या. टोकरखाड्यात आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एकटा राहायचा. कुणी त्याच्या डोळ्यांवरून काही बोललं तर थेट कानफटात. मीही एकदा खाल्लीय. संध्याकाळी स्वतःच चहा घेऊन आला, माफी काही मागितली नाही.

बापाला फोडल्याची गोष्ट अशी. चिनी घरांत वारलेल्या माणसाच्या नावाची लाकडी पाटी ठेवतात आणि तिच्यापुढे उदबत्ती लावून तीनदा वाकतात. यानं विशीत बाप्तिस्मा घेतला आणि त्याच दिवशी घरी येऊन बापाची पाटी कुऱ्हाडीनं उभी चिरली, आईच्या डोळ्यांदेखत. थोरल्या भावानं सुरा उचलला. मिस्त्रीचा डावा कान तेव्हापासून अर्धाच. दर रविवारी प्रार्थनेच्या हॉलमध्ये तो ही गोष्ट साक्ष म्हणून सांगायचा, कान दाखवून दाखवून. गलोंड्याचा एक वेल्डर तर ती ऐकूनच ख्रिस्ती झाला आणि मिस्त्रीला गुरू मानू लागला.

मग भावाचा फोन आला, तीस वर्षांत पहिला. आई गेली होती. जाताना सांगून गेली होती की माझी पाटी धाकट्याच्या हातची असेल तरच घरात बसवा, नाहीतर बसवूच नका. एकोणपन्नासाव्या दिवशी ती बसवायची असते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो डबा न उघडता बसला होता. "केली तर देव सुटतो," म्हणाला, "नाही केली तर आई."

मी म्हटलं, "आमच्या देव्हाऱ्यात आजोबांचा चांदीचा टाक आहे. रोज धुऊन पुसून ठेवतो."

"म्हणजे ते देव झाले?"

"छे. आजोबाच ते. तंबाखू खाऊन भिंत रंगवायचे. घरातच असावेत म्हणून बसवलेत."

त्यानं माझी कॉलर धरली आणि मला लाकडाच्या भुशात ढकललं. "इतकं सोपं नसतं रे," म्हणाला. पण दोन दिवसांनी सागाचा एक तुकडा रंध्याखाली घेतला.

रोज सुट्टीत तेच काम. सुताइतकी चूक न करणारा माणूस, पण आईचं नाव कोरताना हात थांबायचा. हॉलमधल्या वडीलधाऱ्यांनी बजावलं, पाटी केलीस तर इथे पाऊल टाकू नकोस. त्या रविवारी तो पांढरा शर्ट घालून दिवसभर घरातच बसला. मला फार वाईट वाटलं.

सेहेचाळिसाव्या दिवशी दुपारी तो निघाला. पाटी चादरीत गुंडाळून त्याच्या छातीशी, बॅग माझ्या हातात. जिन्यात वेल्डर उभा.

"तुम्हीच असलं फोडायला सांगितलंत," तो म्हणाला, "आणि आता तुम्हीच?" पाटी ओढायला लागला. मिस्त्री सोडेना. तशी वेल्डरनं पाठीमागून सळई काढली.

आता बघा, अख्ख्या शॉपला ज्यानं थोबाडलं होतं, तो हा माणूस पाटीवर पालथा पडला आणि मार खात राहिला. एक हात उचलला नाही. सळई पाठीत बसत होती तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी बॅग टाकली आणि वेल्डरचं डोकं कठड्यावर आपटलं. एकदा, दोनदा. मी त्याला जिवंत सोडला नसता. पडल्यापडल्या मिस्त्री म्हणाला, "सोड त्याला. हे मीच शिकवलंय."

वेल्डर पायरीवर बसून तोंडातलं रक्त पुसत रडत होता.

पाटीवर ओरखडाही नव्हता. मी म्हटलं, आधी दवाखान्यात चल. "गाडी चुकली तर दिवस चुकेल," एवढंच म्हणाला. आणि मी गाढव, त्याला वापीला नेऊन गाडीत बसवून आलो. फासळी मोडून आत घुसली होती, आणि तो दीड दिवस तसाच बसून गेला. या गोष्टीसाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही.

पाच दिवसांनी मिस्त्रीच्या फोनवरून त्याचा भाऊ बोलला. पाटी मिस्त्रीनंच बसवली. वाकला मात्र नाही. हात जोडून उभा राहिला आणि आपल्या देवाची प्रार्थना केली. "मी मारायला हात उचलला," भाऊ म्हणाला, "तर तो खोकला, आणि शर्टावर रक्त आलं." दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यानं प्राण सोडला. चर्चच्या कबरस्तानात पुरला.

मग भावानं विचारलं, "त्याची पाटी करू का? त्याला चाललं असतं? तू त्याचा दोस्त, तू सांग."

मला संताप आला. तीस वर्षं तोंड पाहिलं नाहीस आणि आता मला विचारतोस? पण तोंडून वेगळंच निघालं. "करा. आईशेजारी ठेवा. उदबत्ती तेवढी लावू नका."

"नाव कुठलं घालू? चर्चमधलं की आईनं ठेवलेलं?"

"आईनं ठेवलेलं," मी म्हणालो. ते काय होतं, हे अकरा वर्षं एका जिन्यानं वर-खाली करून मला ठाऊक नव्हतं. विचारलं. त्यानं सांगितलं, पण माझ्या जिभेला ते वळेना. त्यानं पुन्हा सांगितलं, सावकाश. तिसऱ्यांदा मला नीट म्हणता आलं, आणि पलीकडे तो म्हातारा ढसाढसा रडायला लागला.