मधल्या पानातला टाका

थोरल्या जावेला गल्लीतल्या बायका पाठीमागे उसवकाकू म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. तिच्यासारखी जाळीची शाल आसपास कोणाला विणता येत नसे. पण तिने उसवायला लावलेल्या शालींची गणतीही कोणाला करता आली नसती. शिकायला आलेल्या बाईचा एक टाका चुकला की थोरली सुई सरळ बाहेर ओढायची आणि धाग्याचं टोक त्याच बाईच्या हातात द्यायची. चूक जिची, तिनेच उसवायची, हा तिचा नियम. या घरात शाल विणायला जावं आणि लोकरीचा गोळा घेऊन परत यावं, असं बायका हसून म्हणत.

धाकटीला मात्र परत जायला जागा नव्हती. लग्न होऊन आली तेव्हापासून ती पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसून थोरलीकडून विणकाम शिकत होती. शिकत होती म्हणजे बोलणी खात होती. "हात आहेत की पाय?" हे थोरलीचं ठेवणीतलं वाक्य. धाकटी मूग गिळून पुन्हा टाके घ्यायची.

एकदाच तिने स्वतःसाठी काही मागितलं होतं. आई अंथरुणाला खिळली होती आणि तिच्यासाठी धाकटीने शाल विणली. अगदी संपत आली होती. थोरलीने ती उजेडात धरली आणि खालच्या काठाजवळ नक्षीतलं एक पान उलटं पडलेलं तिला दिसलं. धाकटीने हात जोडले, आईला ते दिसणारही नाही म्हणाली. थोरली म्हणाली, "मला दिसतंय ना." आणि टोक तिच्या हातात दिलं. दुसरी शाल निम्मीही झाली नव्हती तेव्हा आई गेली, दवाखान्याच्या खरबरीत चादरीत. ती लोकर धाकटीने ट्रंकेच्या तळाशी ठेवली आणि त्याबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाही. घरातल्यांना वाटलं, विसरली.

पुढे थोरलीचे डोळे जाऊ लागले. उरलीसुरली नजरही हळूहळू जाईल, यावर इलाज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच सुमारास दूर राहणाऱ्या तिच्या एकुलत्या एक मुलीला दिवस गेले. थोरलीने ठरवलं, नातवंडासाठी एक शाल विणायची, शेवटची. मुलगी आईचा धसका घेऊन घर सोडून गेलेली, वर्षानुवर्षं फिरकली नव्हती. शालीचं ऐकून ती फोनवर पहिल्यांदा रडली आणि न्यायला मी स्वतः येते म्हणाली. थोरलीचा सगळा जीव त्या शालीत अडकला.

ती आता बोटांनी चाचपत विणायची आणि रोज दुपारी काम धाकटीच्या मांडीवर ठेवायची. "बघ गं, काही सुटलंय का? डोळ्यांत तेल घालून बघ."

एके दुपारी सुटलेलं होतं. मधल्या पानात एक टाका सुईवरून निसटला होता. त्याच ओळीत सुईवर धाग्याचा एक जादा वेढा पडल्यामुळे टाक्यांची बेरीज बरोबर येत होती, म्हणून थोरलीच्या बोटांना पत्ता लागला नव्हता. क्रोशाच्या सुईने उचलला असता तर चहाला उकळी येईपर्यंत काम झालं असतं. धाकटीने त्या टाक्यावर बोट ठेवलं. मऊ होता, नुकता सुटलेला.

"काही नाही, वहिनी," ती म्हणाली. "झकास चाललंय."

त्यानंतर रोज तेच उत्तर. केसाने गळा कापणं म्हणतात ते याहून निराळं नसावं. गंमत अशी की त्या दिवसांत दोघींचं कधी नव्हे इतकं जमलं. थोरली एकदा म्हणालीसुद्धा, की तू नसतीस तर माझं कसं झालं असतं. धाकटीने तिला लोकर सोडवून दिली.

सुयांवरून उतरलेली जाळीची शाल चुरगळलेल्या फडक्यासारखी दिसते. ओली करून, ताणून, कडेने टाचण्या लावल्या की मग नक्षी उघडते. मुलगी आली त्या सकाळी शाल गादीवर पसरली. टाचण्या लावायला शेजारणीही आल्या. मुलीने एक कड धरली, धाकटीने समोरची. दोघींनी ताणली.

टाका धावला. मधल्या पानापासून खालच्या काठापर्यंत शिडीसारखी फट उघडत गेली. शेजारणी टाचण्या ठेवून वाकल्या.

"काय झालं?" थोरलीने विचारलं.

"एक टाका सुटलाय, आई. एवढासाच आहे. काही बिघडत नाही."

"कुठून सुटलाय?"

मुलगी वाकून शोधू लागली. धाकटी मान वर न करताच म्हणाली, "मधल्या पानाच्या डाव्या टोकातून."

थोरली तिच्या आवाजाच्या दिशेने बघत राहिली. मग हाताने चाचपत तिने शालीचं टोक शोधलं, शेवटची गाठ नखाने सोडवली आणि धागा पुढे केला.

"माझी आहे तशीच राहू दे गं," मुलगी रडवेली होऊन म्हणाली. "मी अशीच नेते."

"चूक जिची, तिनेच उसवायची," थोरली म्हणाली. धागा मुलीकडे नव्हता धरलेला.

धाकटीने वाट पाहिली, थोरली ओरडेल, शिव्या देईल, निदान धाकटीच्या गेलेल्या आईचं नाव काढेल. थोरली तशीच हात पुढे करून बसून राहिली. शेवटी धाकटीने टोक हातात घेतलं आणि ओढलं. ओली लोकर चिकटून चिकटून येत होती. समोर थोरली तिचा गोळा करत होती, घट्ट, नेहमीसारखा, आणि मध्येच एकदा तिने सांगितलं, "हळू ओढ. तुटेल."